दाजी, फ्रेममधून बाजूला व्हा!

फलाटावर माणूस कुठे उभा राहतो, त्यावरून त्याचं अर्धं चरित्र सांगता येतं. रोजचा प्रवासी डब्याचा दरवाजा जिथे येणार तिथे नेमका उभा असतो. लांब जाणारा सामानावर बसून राहतो आणि इंडिकेटर डोक्यावर असताना येणाऱ्याजाणाऱ्याला गाडीचं विचारतो. सोडायला आलेला चहाच्या स्टॉलपाशी सापडतो. पण छप्पर संपल्यावर, फलाटही संपत आल्यावर, सिमेंटचा उतार जिथे रुळांकडे झुकतो आणि पिवळ्या पाटीवर स्टेशनाचं नाव आणि समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, तिथे कुठल्याच गाडीचा कुठलाच डबा थांबत नाही. अशा जागी भर उन्हात गळ्यात कॅमेरा अडकवून जो उभा असतो, तो रेलफॅन. त्याच्याजवळ दहा रुपयांचं फलाट तिकीट असतं. ते दोन तास चालतं. गाडी अडीच तास लेट झाली तर तो दुसरं काढतो. कुठेही न जाता रेल्वेला इतके पैसे देणारा दुसरा ग्राहक देशात नसेल.

माझ्या सख्ख्या मेहुण्याला हा नाद आहे. तो एरवी बँकेत काम करतो, वेळेवर जेवतो, मोठ्यांना नमस्कार करतो. सुट्टीच्या दिवशी मात्र पहाटे उठून कर्जतची गाडी पकडतो. ‘एकटा जातो रुळांच्या कडेला, तुम्ही जरा बरोबर जा’ ही बायकोची आज्ञा असल्यामुळे मीही जातो. माझ्याकडे बॅग, पाण्याची बाटली आणि छत्री एवढी खाती आहेत. बॅग सांभाळणाऱ्याला करायला दुसरं काही नसतं, त्यामुळे तो माणसं बघत बसतो. तशी बघता बघता मला या मंडळींची राज्यघटना पाठ झाली. ती कुठेही लिहिलेली नाही. रेल्वेच्या लिहिलेल्या नियमांपेक्षा ती कडक आहे, आणि तिचं जास्त पालन होतं.

घटनेचं पहिलं कलम जागेचं. जो आधी आला त्याची जागा. नंतर येणाऱ्याने शेजारी किंवा मागे उभं राहायचं. पुढे जायचंच असेल तर खाली बसायचं, आणि बसल्यावर डोक्यावर टोपी असेल तर तीही काढायची. यात एक गोम आहे. सूर्य पाठीशी हवा, इंजिनाचं तोंड दिसायला हवं, बाजूही दिसायला हवी, वळणावर मागचे डबे उलगडायला हवेत आणि विजेचा खांब इंजिनाच्या नाकावर येता कामा नये. एवढ्या सगळ्या अटी पूर्ण करणारी जागा एका स्टेशनात साधारण दोन बाय दोन फुटांची असते. तिथे सात जण येतात. सातही जण एकमेकांना ‘या ना, या ना’ म्हणतात आणि एकही जण इंचभर हलत नाही.

ट्रायपॉड हा या जागावाटपातला वादग्रस्त मुद्दा. तीन पायांचा प्राणी तीन माणसांची जागा खातो. मोकळ्या स्टेशनात तो चालतो, पण लोकलच्या गर्दीत लावणाऱ्याकडे बाकीचे बघतसुद्धा नाहीत, आणि न बघणं ही या जमातीत निंदेची पहिली पायरी आहे.

कॅमेरा मोठा असला की मालकाचा हक्क मोठा, हे मात्र घटनेला मान्य नाही. दुरून येणारी पोरं मोबाइलवर फोटो काढतात, आणि त्यातले कितीतरी जण डोळे मिटून, नुसत्या हॉर्नवरून इंजिन ओळखतात. त्यांच्यापुढे लाखाची लेन्स घेऊन आलेला नवखा गप्प बसतो. खरा अपराधी वेगळाच असतो. तो आयत्या वेळी येतो. एकदा पळसदरीला, खोपोलीचा फाटा जिथे फुटतो त्या स्टेशनात, चौघे जण डेक्कन क्वीनसाठी सकाळपासून ठाण मांडून होते. सिग्नल पडला, दूरवर दिवा दिसला, चौघांनी श्वास रोखला. तेवढ्यात कुठून तरी एक गृहस्थ आले, पिवळ्या रेषेपाशी गेले आणि त्यांनी मोबाइलसकट हात सरळ पुढे केला. गाडी गेली. कोणीही ओरडलं नाही. चौघांतल्या सर्वांत वडीलधाऱ्याने कॅमेऱ्याच्या पडद्यावर एक नजर टाकली आणि अत्यंत गोड आवाजात विचारलं,

“आला का चांगला?”

“एक नंबर!” गृहस्थ म्हणाले.

“आमच्याकडेही छान आलाय. तुमचा हात.”

डेक्कन क्वीनच्या बाबतीत माणसं हळवी होतात, त्याला कारण आहे. ही गाडी १ जून १९३० रोजी सुरू झाली. आपल्याकडे कित्येक नातेवाइकांचे वाढदिवस कोणाच्या लक्षात नसतात, पण हिचा वाढदिवस दर १ जूनला पुणे स्टेशनात केक कापून होतो. तिला २२ जून २०२२ पासून नवे एलएचबी डबे मिळाले, तेव्हा जुन्या डब्यांना निरोप द्यायला माणसं जमली होती. वाढदिवसाला इंजिनाला हार घालतात आणि फुलं बांधतात. सगळं फलाट टाळ्या वाजवतं. फक्त आमचा मेहुणा आणि त्याचे दोनचार भाईबंद चेहरा पाडून उभे असतात, कारण झेंडूच्या माळेखाली इंजिनाचा नंबर झाकला गेलेला असतो. ‘दाजी, माणसांना काही कळत नाही हो,’ असं तो म्हणतो, तेव्हा मीही माणसांतच मोडतो हे त्याच्या लक्षात नसतं.

दुसरं कलम आवाजाचं. फोटोवाले बोलू शकतात. व्हिडिओवाल्यांना शांतता लागते, कारण त्यांना रुळांचा ठोका आणि हॉर्न हवा असतो. गाडी दिसल्यापासून शेवटचा डबा जाईपर्यंत शेजाऱ्याने बोलायचं नाही, खोकायचं नाही, वेफर्सचं पाकीट तर मुळीच उघडायचं नाही. अडचण एवढीच, की स्टेशनावर असलेल्या इतर हजार माणसांना हे कलम ठाऊक नसतं.

टिटवाळ्याला एकदा आम्ही मुंबईहून नाशिकमार्गे दिल्लीला जाणाऱ्या राजधानीसाठी थांबलो होतो. ही गाडी २०१९ साली सुरू झाली आणि महिनाभरात तिला दोन्ही टोकांना एकेक इंजिन लावण्यात आलं. एरवी कसारा घाट चढताना गाड्यांना मागून ढकलायला जादा इंजिन जोडावं लागतं, त्यात वेळ जातो. पुढचं ओढतं आणि मागचं ढकलतं अशी कायमची सोय झाल्यावर तो खोळंबा टळला. त्यामुळे या गाडीचा व्हिडिओ घ्यायचा तर पहिल्या इंजिनापासून शेवटच्या इंजिनापर्यंत श्वास धरून घ्यावा लागतो. मेहुण्याने रेकॉर्डिंग सुरू केलं. गाडी धडधडत स्टेशनात शिरली. त्याच क्षणी, गणपतीचं दर्शन घेऊन आलेल्या एक आजी हातातली नारळाची पिशवी सावरत त्याच्यापाशी आल्या.

“बाळा, ही कल्याणला थांबते का रे?”

मेहुण्याने डावा हात किंचित वर केला. आजींना ते उत्तर वाटलं नाही.

“अरे, कल्याणला थांबते का म्हणते मी!”

डबे चालले होते. मेहुण्याच्या कपाळावर घाम होता. आजी माझ्याकडे वळल्या आणि गाडीच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाल्या, “चांगला पोरगा, पण ऐकू येत नाही वाटतं.”

मागचं इंजिन गेलं, कॅमेरा खाली आला आणि मेहुण्याला वाचा फुटली. “आजी, ती राजधानी होती, उलटीकडे जाते, दिल्लीला. पुढेमागे दोन इंजिनं होती, बघितलीत का?”

“मला एकाची पुरे. कल्याणची कधी येते ते सांग.”

दोन्ही इंजिनं कुठल्या शेडची होती हे त्याने चालत्या गाडीवर वाचलं होतं. कल्याण लोकल कितीला आहे आणि कुठल्या फलाटावर येते, हे मात्र शेजारच्या भेळवाल्याला विचारावं लागलं. तो व्हिडिओ आमच्या घरात सगळ्यांनी पुन्हा पुन्हा लावून पाहिला. इंजिनासाठी एकानेही पाहिला नाही.

इथे घटनेतलं एक मूलभूत तत्त्व येतं: प्रवाशाने काही विचारलं तर उत्तर द्यायचं. रेल्वे प्रवाशांसाठी चालते, ही गोष्ट रेलफॅनला मधूनमधून स्वतःला सांगावी लागते. त्याच्या नजरेतून पाहिलं तर प्रवासी म्हणजे खिडकीतून हात बाहेर काढून डब्याची रंगसंगती बिघडवणारे लोक. दारात उभा असलेला, पुलावरून वाकलेला, रुळांवर केळ्याची साल टाकणारा, असे सगळे त्याच्या फोटोत अनाहूत येतात. पण या अनाहूतांनी तिकीट काढलं नसतं तर गाडीच आली नसती, हा विचार एकदा मनात रुजला की माणूस हसून बाजूला व्हायला शिकतो.

तिसरं कलम गाडी चालवणाऱ्याबद्दल आहे, आणि ते सर्वांत महत्त्वाचं. लोको पायलटच्या डोळ्यांवर फ्लॅश मारायचा नाही. रात्री तर नाहीच नाही. हे सगळ्यांना पटतं. पण पुढची गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. रेल्वेच्या नियमांत हातात लाल झेंडा नसेल तर गाडी थांबवायची खूण कशी करायची, तेही दिलेलं आहे: दोन्ही हात डोक्याच्या वर उभे धरायचे. आता गर्दीत मागे उभा असलेला हौशी माणूस काय करतो? मोबाइल दोन्ही हातांत धरतो आणि दोन्ही हात डोक्याच्या वर उभे करतो. त्याला वाटतं आपण फोटो काढतोय. ताशी शंभराच्या पुढे गाडी हाकणाऱ्या माणसाला दिसतं, की कोणी तरी ‘थांब’ म्हणतंय. रात्री पांढरा दिवा शरीरासमोर आडवा जोरजोरात हलवणं हीसुद्धा धोक्याचीच खूण. म्हणजे मोबाइलची बॅटरी लावून मित्राला ‘इकडे ये, इकडे ये’ करणारा इसम फलाटाच्या टोकाला उभा राहून नकळत रेल्वेच्या कामकाजात हस्तक्षेप करत असतो. याच कारणाने जाणती मंडळी लाल टी-शर्ट घरी ठेवून येतात. आमच्या घरी मेहुण्याच्या वाढदिवसाला लाल शर्ट आला, तेव्हा तो म्हणाला, “ताई, हा ऑफिसला घालीन.” बहिणीला तो अपमान वाटला. त्याला ती सुरक्षितता वाटली.

हॉर्न हा याच कलमातला पोटविषय. मूठ आवळून हात कोपरातून खाली ओढला की लोको पायलटला ‘वाजवा ना’ असा निरोप जातो. काही जण हसून वाजवतात, काही हात हलवतात, काही सरळ पुढे बघतात. तिन्ही उत्तरं आनंदाने घ्यायची. हॉर्न हे संदेशाचं साधन आहे, फर्माइशीचा कार्यक्रम नव्हे. हुशार रेलफॅन त्यामुळे मागतच नाही. तो रुळांच्या कुंपणाबाहेर, पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत ‘सी/फा’ लिहिलेलं असतं त्या भागात जागा शोधतो. पुढे फाटक आहे, शिटी वाजवा, असा त्या पाटीचा अर्थ. तिथे प्रत्येक गाडी वाजवतेच. म्हणजे न मागता मिळतं, आणि वर आपण सज्जनही ठरतो.

फाटक आलं की फाटकवाला आला. गेटमनशी वागण्याची एक स्वतंत्र रीत आहे. गाडी कुठे आहे हे त्याच्याइतकं जवळून कोणालाच ठाऊक नसतं, म्हणून सगळे त्याच्याशी गोड बोलतात. पण त्याच्या केबिनमधला फोन वाजला की आपण गप्प व्हायचं. पलीकडून स्टेशन मास्तर बोलत असतो, एकमेकांना खासगी नंबर दिले जातात, ते वहीत लिहिले जातात, फाटक पडतं. त्या अर्ध्या मिनिटात ‘काका, क्वीन गेली का हो?’ असं विचारणाऱ्याला काकांनी उत्तर दिलं नाही, तर काका शिष्ट ठरत नाहीत. पुढच्या वेळी जाताना त्यांच्या फाटकाचा एखादा चांगला प्रिंट आणून द्यावा. आमच्या मेहुण्याने असा एक दिला. काकांनी तो बराच वेळ बघितला आणि म्हणाले, “इंजिन छान आलंय. पण मी कुठाय?”

चौथं कलम कायद्याचं. इथे घटना आणि सरकार यांचं एकमत आहे. रेल्वे अधिनियम १९८९, कलम १४७: विनापरवाना रेल्वेच्या हद्दीत शिरलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. एवढं असूनही पावसाळा सुरू झाला की माणसं रुळांवर उतरतात. दूधसागरला धबधब्याच्या पोटातून रेल्वेचा पूल जातो. त्या पुलापर्यंत रुळांवरून चालत जायला मनाई आहे. जुलै २०२३ मध्ये तिथे गेलेल्या मंडळींकडून रेल्वे पोलिसांनी उठाबशा काढून घेतल्या आणि त्याचा व्हिडिओ देशभर फिरला. इतक्या लोकांचा एकत्र व्यायाम, मागे डोंगर आणि हिरवळ, सगळ्यांच्या चेहऱ्यावर उजेड. फोटोच्या दृष्टीने त्यात एक उणीव नव्हती. फक्त ज्यांना फोटो काढायचे होते ते सगळे आत होते.

रीतीने वागणाऱ्यालाही चौकशी चुकत नाही. व्यावसायिक चित्रीकरणाला रेल्वेची रीतसर परवानगी आणि शुल्क लागतं, त्यामुळे मोठी लेन्स दिसली की वर्दीला शंका येणं रास्त आहे. एका स्टेशनात एक जवान आमच्याकडे आले. वयाने बरेच, मिशा भरघोस.

“शूटिंग आहे काय?”

“नाही साहेब. गाडीचा फोटो काढतोय. हे फलाट तिकीट.”

“कोण जातंय गाडीतनं?”

“कोणी नाही. नुसती गाडी.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी बॅग दोन्ही हातांनी पोटाशी धरून उभा होतो, त्यामुळे त्यांचा संशय बळावला असावा. “आणि हिरो कुठंय?” त्यांनी विचारलं.

मेहुण्याने शांतपणे सिग्नलकडे बोट केलं. “येतोय साहेब. डबल यलो पडलाय.”

साहेब थांबले. गाडी आली आणि गेली. मग त्यांनी कॅमेऱ्याच्या पडद्यात डोकावून पाहिलं, मान डोलावली आणि विचारलं, “माझा एक काढता का? पण इंजिन मागं पाहिजे.” म्हणून पुढच्या गाडीपर्यंत आम्ही तिघेही थांबलो. अशा वेळी हुज्जत घालायची नाही, ‘मला नियम माहीत आहेत’ असं म्हणायचं नाही. कॅमेरा खाली घ्यायचा, नमस्कार करायचा, नको म्हटलं तर निघायचं.

शिस्तीचे देश म्हणून ज्यांची नावं आपण मुलांना सांगतो, तिथेही हा नाद माणसाला वाकवतो. फेब्रुवारी २०१० मध्ये जपानात ओसाकाजवळ एका खास गाडीच्या फोटोसाठी छायाचित्रकार रुळांवर शिरले आणि गाड्या थांबवाव्या लागल्या. तिकडे फोटोत आड येणारी झाडं छाटल्याच्या तक्रारीही झाल्या आहेत. ब्रिटनमध्ये ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ या वाफेच्या इंजिनाची दुरुस्ती ४२ लाख पौंड खर्चून पुरी झाली. २५ फेब्रुवारी २०१६ रोजी ते लंडनहून यॉर्कला निघालं, तर वाटेत माणसं रुळांवर उतरल्यामुळे त्याला थांबावं लागलं. चालतं इंजिन बघायला आलेल्यांनीच इंजिन थांबवलं. तेव्हा आपण फार खाली मान घालायचं कारण नाही. अभिमान बाळगायचंही नाही.

झाडांचं निघालं म्हणून सांगतो. फांदी मोडायची नाही, हा आपल्याकडेही नियम आहे. पण तारांचं काय करणार? कोकण रेल्वेचं विद्युतीकरण २०२२ साली पूर्ण झालं आणि रत्नागिरीच्या हिरव्यागार उतारांवर रांगेने खांब उभे राहिले. डिझेलचा धूर गेला, खर्च वाचला, हवा सुधारली. कोणाही शहाण्या माणसाने याचं स्वागत करावं. रेलफॅनही ते करतात, पण सुतकी चेहऱ्याने. जुन्या अल्को इंजिनाने चढावर सोडलेल्या काळ्या लोटाचा फोटो ते अजून मोबाइलमध्ये बाळगून आहेत. तो बघताना खोकला काढायचा नाही, हाही एक शिष्टाचार आहे. घाटातही तेच. कर्जत ते लोणावळा चढ ३७ मीटरला एक मीटर असा. गाड्या कर्जतला थांबतात, मागे ढकलणारी बँकर इंजिनं लागतात, प्रवासी वड्यांकडे धावतात आणि रेलफॅन गाडीच्या शेपटाकडे. १० फेब्रुवारी २०२३ रोजी मुंबईहून सोलापूरची आणि शिर्डीची वंदे भारत सुरू झाली. त्या बँकरशिवाय घाट चढतात. प्रवाशाचा वेळ वाचला, पण रेलफॅनचा एक फोटो गेला. या विषयावर दोन गट आहेत आणि दोघांच्या मध्ये बसून वडा खाण्याचा मला अनुभव आहे. तेव्हा कोणतंही मत देऊ नये. चटणी मागावी.

पाचवं कलम शेवटच्या डब्याचं. इंजिन गेलं की कॅमेरे खाली येतात, गप्पा सुरू होतात. डबे जात राहतात आणि सर्वांत शेवटी गार्ड येतो. जानेवारी २०२२ पासून त्याचं अधिकृत नाव ट्रेन मॅनेजर झालं, पण त्याच्याकडे पाठ फिरवण्याची सवय बदलली नाही. तो हिरवा झेंडा धरून दारात उभा असतो. नवख्याला वाटतं तो आपल्याला दाखवतोय. प्रत्यक्षात तो स्टेशनच्या माणसांशी ‘सगळं ठीक’ची देवाणघेवाण करत असतो. तरी हात हलवायला हरकत नाही. फक्त हात रिकामा असावा, रुमाल हलवू नये, आणि तो कोणत्या रंगाचा नसावा हे तर सांगायलाच नको.

राहता राहिलं ते सहावं कलम, माहितीचं. सगळ्या नियमांचा जीव यात आहे. प्रत्येक इंजिनावर त्याच्या शेडचं नाव असतं: कल्याण, भुसावळ, अजनी, गाझियाबाद, वडोदरा. इंजिन दिसलं की ही मंडळी लग्नाच्या बैठकीतल्या काकांसारखी आधी ‘मूळचं कुठलं?’ हे विचारतात. कोणत्या गाडीला साधारण कोणत्या शेडचं इंजिन लागतं, हे ठरलेलं असतं. त्याला लिंक म्हणतात. एखाद्या दिवशी अडचण होते, भलत्याच शेडचं इंजिन लागतं, ते ऑफलिंक. सामान्य प्रवाशाला त्याचा पत्ताही नसतो. पण इगतपुरीला उभ्या असलेल्या एकाला ते दिसतं, तो कसाऱ्याच्या दुसऱ्याला कळवतो, दुसरा कल्याणच्या तिसऱ्याला, आणि गाडी दादरला पोचेपर्यंत फलाटाच्या टोकाला सहा जण हजर असतात. कोणी कोणाला पैसे देत नाही, कोणी कोणाचा साहेब नाही. अशी यंत्रणा रेल्वेलाही हेवा वाटावा इतकी अचूक चालते.

या देवाणघेवाणीचेही दंडक आहेत. दुसऱ्याच्या फोटोवर आपलं नाव टाकायचं नाही. खबर ज्याने दिली त्याचा उल्लेख करायचा. नवख्याने वॅप-फोर इंजिनाला वॅप-सेव्हन म्हटलं तर चारचौघांत हसायचं नाही, बाजूला घेऊन सांगायचं. म्हाताऱ्या फॅनने ‘खेकड्या’ची गोष्ट काढली तर ऐकायची. खेकडा म्हणजे घाटात मालगाड्या ओढणारं जुनं, लांब नाकाचं विजेचं इंजिन. त्यातलं एक वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात उभं आहे. ते हलत नाही, त्यामुळे तिथे रांग नाही, धक्काबुक्की नाही, सूर्य कलेपर्यंत हवा तेवढा वेळ थांबता येतं. तरीही मेहुणा तिथे फार जात नाही. “दाजी, जे निघून जाणार नाही त्याचा फोटो काय काढायचा!” असं म्हणून तो पुन्हा पहाटेची कर्जत पकडतो.

एवढी कलमं पाळून घेणारं कोर्ट कुठे आहे, असं मी त्याला विचारलं. पळसदरीला हात मध्ये घालणाऱ्या त्या गृहस्थांना काय शिक्षा झाली? ना कोणी रागावलं, ना कोणी हाकललं. उलट वडाही खायला घातला. मेहुणा हसला. म्हणाला, “शिक्षा झाली ना दाजी. परवा ऑफलिंक आलं, सगळ्या लाइनला निरोप गेला. त्यांना कोणी सांगितलंच नाही.”

कलम १४७ त्या मानाने दयाळू आहे. तिथे निदान हजार रुपये भरून सुटता येतं.